नायिका प्रार्थना करते तेव्हा खुनी काय करत असतो?

प्रश्न गडहिंग्लजहून आला आहे. विचारणारी पहिलीच कादंबरी लिहिते आहे, रहस्य आणि प्रेम दोन्ही असलेली. नायिका करुणा, कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात नर्स, ख्रिस्ती घरातली, दर रविवारी चर्चच्या कोयरमध्ये गाणारी. एका रात्रपाळीला भोसकलेला माणूस येतो आणि जीव जाण्याआधी तिच्या कानाशी एक नाव पुटपुटतो. नाव आशिषचं. हा आशिष कोयरमध्ये तिच्या मागच्या रांगेत उभा असतो आणि त्याचे पप्पा साळवी हे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ आहेत. तपास उपनिरीक्षक संग्राम पाटलाकडं, आणि हा संग्राम करुणाच्या मनात केव्हाच घर करून बसलाय.

आता अडचण, तिच्याच शब्दांत: "प्रार्थनेचा प्रसंग आला की मैत्रीण म्हणते, इथं मी पानं उलटली. ते प्रसंग काढले तर करुणा नुसती नावाची ख्रिश्चन उरते. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, खून आणि प्रेमप्रकरणात देवाला कशाला ओढतेस? आणि शेवटी संग्रामचा बाप्तिस्मा दाखवला तर सगळं जुळून येईल का?"

मैत्रिणीपासून सुरुवात करू, कारण पुस्तक विकत घेणारी तीच आहे. तिनं पानं उलटली ती प्रार्थनेला कंटाळून नव्हे. त्या पानांवर काही घडतच नाही म्हणून. माझ्या हातूनही हेच झालं होतं. माझी पहिली रहस्यकथा एका दिवाळी अंकात आली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तीत खलनायक नायिकेला करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळघरात कोंडतो. बाहेर अवकाळी पाऊस, आत काहील उकळतेय, खलनायक कोयता घेऊन पुढं येतोय. नायिका गुडघे टेकते, डोळे मिटते, प्रार्थना करते. वीज कडाडते, दिवे जातात, खलनायकाचा पाय चिपाडावरनं घसरतो आणि तो थेट काहिलीत. लिहिताना मला अगदी भरून आलं होतं. आईनं अंक वाचला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, "अगं, मग पहिल्या पानावरच गुडघे टेकायला लावायचंस की तिला. तो बिचारा वॉचमन तरी वाचला असता."

आई म्हणजे आयुष्यभर संडे स्कूलमध्ये शिकवलेली बाई. तिची श्रद्धा माझ्याहून पक्की होती, म्हणूनच तिला ती कथा खपली नाही. तेव्हापासून मी एवढंच धरून चालते: रहस्यकथेत श्रद्धेनं नायिकेची गाठ सोडवायची नाही, आवळायची. तिच्या विश्वासामुळं तिची अडचण वाढली पाहिजे. दुसरी कुणी जिथून सहज निसटली असती तिथं ही अडकली पाहिजे.

तुमच्या हस्तलिखितावर एक प्रयोग करा. करुणाचं चर्च, बायबल, प्रार्थना, सगळं पेन्सिलीनं खोडून वाचा. कथानक जागचं हललं नाही, तर श्रद्धा म्हणजे भिंतीवर मारलेला रंगाचा हात. आत्ता ते हलत नाही. करुणा नाव ऐकते, घाबरते आणि सत्तर पानं गप्प बसते. का? भीतीनं. पण भीती कुणालाही वाटेल. तिच्या गप्प बसण्याला तिचं असं कारण पाहिजे, आणि ते तुमच्या कथेतच पडलेलं आहे, तुम्ही फक्त उचललेलं नाही.

मरणारा माणूस आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल जे सांगतो त्याला मृत्युपूर्व जबाब म्हणतात. तो कायद्यात पुरावा धरला जातो, तोंडी असला आणि ऐकणारी एकटी नर्स असली तरी. म्हणजे आशिषची मान करुणाच्या एका वाक्यात अडकली आहे. आणि करुणानं ते वाक्य ऑक्सिजनच्या मास्कखालून ऐकलंय. आशिष म्हणाला, की अविनाश? "तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" हे तिनं सहाव्या वर्षी पाठ केलंय. बोलली आणि चुकली तर खोटी साक्ष. गप्प बसली तर खुनाला पाठीशी घालणं. दोन्हीकडं पाप आहे, आणि ती ते मानते, हीच तिची कोंडी. जी मानत नाही ती दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन मोकळी झाली असती. (प्रॉटेस्टंट मोजणीत ही नववी आज्ञा, कॅथलिक मोजणीत आठवी. करुणा कुठल्या घरातली ते आधी ठरवा, नाहीतर नुसता आकडाच तुमचं पितळ उघडं पाडेल.)

आता तो प्रार्थनेचा प्रसंग. तुम्ही पाठवलेला असा आहे:

"करुणा गुडघे टेकून बसली. 'प्रभू, मला मार्ग दाखव,' ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. हळूहळू तिच्या मनाला एक अद्भुत शांती लाभली."

तिला शांती लाभली आणि वाचकाची धडधडही थांबली. रहस्यकथेत शांती हा सगळ्यात महागाचा माल, आणि तुम्ही तो तिसाव्या पानावरच वाटून टाकलात. शिवाय प्रसंग बंद खोलीत आहे. एकटी नायिका, पाहणारं कुणी नाही, परिणाम काही नाही. तिची श्रद्धा चारचौघांत आणा. अशी:

"महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. भाकरीचं ताट आलं तसं करुणानं पुढं सरकवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पेल्यांचा ट्रे आला. तो धरलेले हात ओळखीचे होते. डाव्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा डाग. तिला सायकल शिकवताना हेच हात सीटच्या मागं होते. साळवी वडील थोडे वाकले. इवल्याशा काचपेल्यांमधला द्राक्षरस हलला आणि स्थिर झाला.

'घे, बाळा.'

तिनं मान हलवली. ट्रे पुढं जाईना. त्यांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. 'करुणा?'

'आज नको, अंकल.'

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. पेटी वाजत होती, कोयर गात होतं. तिनं वर बघितलं नाही, पण आवाज तिला कळला. आशिषनं ओळ सोडली होती. बाकीचे पुढं गेले आणि तो एका शब्दावर मागं राहिला."

बघा काय झालं. प्रभुभोजनाला बसण्याआधी माणसानं स्वतःची परीक्षा करावी, हे प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्रात लिहिलंय. मनात गाठ असताना वेदीपाशी येऊ नये, आधी भावाशी समेट कर, हे तर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं. करुणा हे मानते, म्हणून ती पेला घेत नाही. आणि तिनं पेला घेतला नाही म्हणूनच खुन्याला कळतं की हिला ठाऊक आहे. तिची श्रद्धाच तिला उघडी पाडते. एकही वचन उद्धृत केलेलं नाही, "मार्ग दाखव" नाही, अश्रू नाहीत. मैत्रिणीला हे पान उलटू दे बघू.

आणि इथं टीप द्यायलाही लागत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, त्यात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार. म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. अमेरिकेत ख्रिस्ती प्रेम-रहस्यकथांना दुकानात वेगळी फळी असते, तिथला वाचक विश्वासणारा आहे हे धरूनच लेखक लिहितो. आपला वाचक चर्चमध्ये फार तर एखाद्या मैत्रिणीच्या लग्नाला गेलेला. पण वडीलधाऱ्यानं सगळ्यांदेखत प्रसाद पुढं करावा आणि पोरीनं हात मागं घ्यावा, याचा अर्थ कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला लागत नाही. जे समजावून सांगावं लागेल ते टाळा आणि जे डोळ्यांना दिसेल ते दाखवा.

मराठीत लिहिणाऱ्याला या प्रकारात एक मोठा फायदा आहे. आपले चर्चमधले शब्द आणि ठाण्या-कोर्टातले शब्द एकच आहेत. साक्ष. रविवारी उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगतात ती साक्ष, आणि पिंजऱ्यात उभं राहून सांगतात तीही साक्ष. कबुली तशीच, पापाचीही आणि गुन्ह्याचीही. तारण तर बघाच. आत्म्याचं तारण हा आपल्या विश्वासाचा गाभा, आणि गुजरीत किंवा पतसंस्थेत सोनं ठेवून पैसे उचलतात तेही तारण. ख्रिस्तानं पुष्कळांसाठी खंडणी म्हणून जीव दिला असं शुभवर्तमानात आहे, आणि खंडणीविरोधी पथक पोलिसांकडं आहे.

हे चार शब्द मी कितीतरी वर्षं वापरतेय, अजून झिजले नाहीत. तुमच्या कथेत संग्राम करुणाला म्हणतो, "मॅडम, साक्ष द्यायला लागंल तुमाला." आदल्याच रविवारी पाळकसाहेबांनी तिला विचारलेलं असू दे, "या महिन्यात तू साक्ष देशील ना?" तिनं दोघांनाही एकच उत्तर द्यावं: "मला वेळ द्या." शब्दाकडं बोट मात्र दाखवू नका. "साक्ष या शब्दाचे दोन अर्थ तिच्या मनात घोळू लागले" असं वाक्य लिहिलंत तर सगळी मजा गेली.

कबुलीवरून एक पेच सुचवते, हवा तर घ्या. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसं होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसंच आहे. पण माणसानं पोलीस सोडून दुसऱ्या कुणाजवळ मन मोकळं केलं तर ती न्यायालयाबाहेरची कबुली. पुरावा कमकुवत, जोड लागते, पण पुरावा. आपल्या कायद्यात वकील-अशील आणि नवरा-बायको यांच्या बोलण्याला आडोसा आहे. पाळकाला किंवा फादरना तसा वेगळा आडोसा नाही. आता आशिष एका रात्री पाळकसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन रडला तर? पाळकसाहेबांना समन्स आलं तर? त्यांनी काय करावं? कॅथलिक फादर असते तर प्रश्न वेगळा झाला असता. पापनिवेदनात ऐकलेलं कुठल्याही परिस्थितीत उघड करायचं नाही, हा त्यांच्या चर्चचा कडक नियम. मोडला तर ते बहिष्कृत होतात. कायदा एकीकडं, चर्च दुसरीकडं. पाळकांवर तसं संस्काराचं बंधन नसतं, उरतो तो फक्त दिलेला शब्द. मला विचाराल तर हाच पेच जास्त चांगला, कारण पाळकसाहेबांना मागं टेकायला नियम नाही.

यावरनं आठवलं, म्हणून थोडं घरातलं. कोल्हापुरातलं ख्रिस्तीपण सिनेमातून उचलू नका. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथं आले, त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आजही आहे. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं, आणि या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांमध्ये एक तरी आजी, आत्या, मावशी नर्स असते ती उगीच नव्हे. ही परंपरा प्रेस्बिटेरियन. म्हणजे कबुलीची जाळीदार खोली नाही, पांढऱ्या झग्यातले फादर नाहीत. पाळक आहेत, त्यांना बायको-पोरं आहेत आणि पाळकीणबाईंना अख्ख्या मंडळीच्या भानगडी पाळकांच्या आधी कळतात. (रहस्यकथेत पाळकीणबाई नसणं हा मला तरी गुन्हा वाटतो.) एका संपादकांनी माझ्या नायिकेचं आडनाव गायकवाडचं डिसोझा करून छापलं होतं, तिला फ्रॉकही घातला होता, का तर "वाचकाला पटकन कळतं." आमच्याकडं गायकवाड आहेत, साळवी आहेत, शिंदे, कांबळे, भोसले सगळे आहेत. नाताळला करंज्या, चकल्या, अनारसे होतात, कोयरमध्ये पेटी-तबला असतो, ना. वा. टिळकांचे अभंग असतात. आडनावामागं जातीचा इतिहासही असतो. कितीतरी घराण्यांनी बाप्तिस्मा घेतला तो वेशीबाहेरच्या वस्तीतून. करुणा आणि पाटलाचा संग्राम यांच्यामध्ये एकटा धर्म उभा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कादंबरीलाही ते ठाऊक असू दे.

पाळकसाहेबांच्या आक्षेपाचं म्हणाल, तर त्यांना नम्रपणे बायबलमधल्या २ शमुवेलाचा अकरावा अध्याय काढायला सांगा. दावीद राजाची नजर दुसऱ्याच्या बायकोवर जाते, ती गरोदर राहते, तो तिच्या नवऱ्याला आघाडीवर पाठवून मारायचा हुकूम लिहितो आणि ते पत्र त्याच नवऱ्याच्या हातून धाडतो. उरीया आपलं मरण स्वतःच्या हातानं घेऊन जातो, त्यात काय लिहिलंय हे न कळता. याहून थंड रक्ताचा प्रसंग मी तरी कुठल्या रहस्यकथेत वाचलेला नाही. आणि पुढच्या अध्यायात नाथान येऊन राजाला मेंढीची गोष्ट सांगतो, राजा संतापून न्याय देतो, आणि मग कळतं की निकाल स्वतःवरच लागला. गुन्हेगाराच्या तोंडूनच निकाल! पवित्र शास्त्राला खुनाचं वावडं नाही. खून हलका करण्याचं आहे.

हाच अध्याय कथेत असा वापरता येईल. आशिषला शास्त्र तोंडपाठ आहे, आणि ते असलंच पाहिजे. सैतानसुद्धा रानात येशूपुढं स्तोत्रातलंच वचन म्हणतो. तर आशिष करुणाला धमकी पाठवतो. मेसेजमध्ये फक्त एवढंच: "२ शमुवेल ११:१५." तिला वाचताच कळतं. पंधरावी ओवी म्हणजे त्या पत्रातला मजकूर. मेसेज संग्रामच्या हाती लागतो, आणि तो काय करतो? शमुवेल नावाचा माणूस शोधायला दोन हवालदार सोडतो, आणि सव्वाअकराला लक्ष्मीपुरीत सापळा लावतो! रात्री बारा वाजता हात हलवत करुणाच्या दारात येतो. "मॅडम, हा शमुवेल कोण, आणि एक नंबरचा शमुवेल कुठाय?" तिला हसू येतं, सबंध कादंबरीत पहिल्यांदा, आणि मग ते हसू अर्ध्यावर थांबतं, कारण आता तिला बायबल काढून त्याच्यापुढं ठेवायलाच लागणार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं एका पुस्तकावर वाकलेत. तो बोटानं ओळ शोधतोय, वाचता वाचता त्याचं बोट थांबतं. "हे तुमाला कुणी पाठवलंय ते ठाऊक हाय तुमाला." ती गप्प. "खोटंच बोलायचं असंल, तर निदान माझ्याकडं बघून बोला की." या एका प्रसंगात धमकी, प्रेम आणि शास्त्र तिन्ही आहेत, आणि बायबलला अनोळखी असलेला वाचक संग्रामबरोबरच शिकतोय.

देव मदतीला धावून येतो की नाही, हा रहस्यकथेतला खरा नाजूक भाग. इथं मी बायबलमधल्या एस्तेर राणीच्या पुस्तकाकडं बघते. सबंध पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. तरी वाचणाऱ्याला त्याचा हात दिसतो. एका रात्री राजाला झोप लागत नाही, तो दप्तर वाचून घेतो, त्यात एस्तेरच्या चुलतभावानं, मर्दखयानं, त्याचा जीव वाचवल्याची नोंद निघते आणि सगळा डाव फिरतो. निव्वळ योगायोग. पण तो चालतो, कारण त्याआधी एस्तेरनं तीन दिवस उपास केलाय आणि न बोलावता राजापुढं जाऊन जीव पणाला लावलाय. किंमत आधी मोजली, मग दार उघडलं. माझ्या गुऱ्हाळघरात नेमकं उलट होतं.

तुमची शेवटची चाळीस पानं पुरात आहेत, हे फार छान आहे, फक्त पूर फार उशिरा येतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर हे आकडे आरतीसारखे म्हणतात. पहिल्या प्रकरणापासून पाणी चढू दे. वॉर्डबॉयच्या मोबाइलवर ३१, चर्चच्या पायऱ्यांवर ३६, संग्रामच्या वायरलेसवर ४१. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी भरलं की ते कुणाला न विचारता उघडतात, हेही आधीच कुणीतरी सहज बोलून जाऊ दे. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला होता, तसा तो बंद पडतो आणि आशिषची गाडी अडकते. मग ते दरवाजे देवानं उघडले की पाण्याच्या दाबानं? करुणाला तिच्या परीनं कळेल, संग्रामला त्याच्या परीनं. लेखिकेनं मध्ये तोंड घालू नये.

प्रेमाचं थोडक्यात सांगते, कारण तिथं तुमचा हात चांगला आहे. दोघांमधला संयम तुम्ही अपराध्यासारखा लिहिताय, जणू काहीतरी कमी पडलंय म्हणून माफी मागताय. बायबलमधली विधवा रूथ मध्यरात्री खळ्यावर बवाजाच्या पायाशी जाऊन निजते. तो दचकून जागा होतो. अंधार, पिकाची रास, कुणी पाहिलं तर नाव जाईल. आणि तो म्हणतो, माझ्याहून जवळचा एक नातलग आहे, तुझ्याशी लग्नाचा हक्क त्याचा पहिला, सकाळपर्यंत थांब. उजाडायच्या आत तो तिच्या पदरात सहा मापं सातू घालून तिला घरी लावतो. स्पर्शाचं वर्णन नाही आणि तरी वाचताना श्वास अडकतो, कारण निकाल सकाळी लागणार आहे. करुणा-संग्रामला अशी एक रात्र द्या. हॉस्पिटलच्या जिन्यावरची चालेल.

आणि बाप्तिस्मा. नको. संग्रामला तुमच्या सोयीसाठी पाण्यात उतरवू नका. पौलाचं "विजोड होऊ नका", म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्याबरोबर एका जुवाखाली येऊ नका, हे करुणाला टोचतं, हे खरं आहे, ते राहू दे. जू कसं असतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, एक बैल उंच आणि एक बुटका असला की मान कुणाची सोलते तेही माहीत आहे. पण प्रेमकथेचा हिशेब मिटवायला केलेलं धर्मांतर ख्रिस्ती वाचकाला उथळ वाटेल आणि हिंदू वाचकाला वाटेल की ही कादंबरी पहिल्या पानापासून याचसाठी रचली होती. दोघंही पुस्तक मिटतील. कायद्यालाही त्याची गरज नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात धर्माचा प्रश्नच येत नाही, पण तिथं ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. नाव, पत्ता, सगळं. जिच्या मागावर खुनी आहे त्या मुलीचं नाव आणि पत्ता भिंतीवर तीस दिवस! तुम्ही बाप्तिस्म्याच्या नादात ही नोटीस विसरलात.

राहिली क्षमा. तुमच्या शेवटी करुणा आशिषला क्षमा करते आणि साक्ष फिरवते. हे मात्र बदलाच. क्षमा करणं आणि साक्ष फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुनाचा खटला मेलेल्याच्या घरच्यांनी माफ केलं म्हणूनही मिटत नाही, तो तडजोडीचा गुन्हाच नव्हे. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. खटला चालायचा तसा चालला आणि मुख्य आरोपीला झालेली जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. करुणानं पिंजऱ्यात उभं राहून आशिषचं नाव घ्यावं, आवाज कापला तरी घ्यावं, आणि क्षमेचं काय ते तिचं तिनं नंतर बघावं.

ते नंतर कुठं दाखवायचं, तर त्याच चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी. पेल्यांचा ट्रे फिरतोय, पण तो आता दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. साळवींनी वडीलपण सोडलंय, ते अगदी शेवटच्या बाकावर बसलेत. ट्रे त्यांच्यापाशी येतो आणि ते मान हलवतात. कोयरच्या जागेवरून करुणाला ते दिसतं. मागच्या रांगेत एक जागा रिकामी आहे. ती बाकाबाहेर येते, सगळ्यांदेखत मधल्या वाटेनं शेवटपर्यंत चालत जाते आणि साळवींच्या शेजारी बसते. ती पेला घेते की नाही, ते घेतात की नाही, हे तुम्ही ठरवा. मला एवढंच माहीत आहे की त्या पानावर दोघांपैकी कुणीही बोलायचं नाही, आणि पेटी वाजत राहिली पाहिजे.